अक्काचा फोटो

श्रावणातल्या एका उघडिपीच्या दिवशी आमच्या घरी कपाटे रिकामी करण्याचा सोहळा झाला. पावसाळ्यात पुस्तकांना कसर लागते, म्हणून दर वर्षी आमच्या सौभाग्यवती माझ्यामागे लागून हे काम करवून घेतात. आणि दर वर्षी मी त्यात वेळेचा मोठा अपव्यय करतो, कारण पुसण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक उघडून पाहिल्यावाचून मला राहवत नाही. या वर्षी मात्र पुस्तकांपर्यंत पोचण्याआधीच घोटाळा झाला. खालच्या खणात, पदार्थविज्ञानाच्या माझ्या जुन्या वह्यांच्या मागे, एक मोठे पांढरे पाकीट उभे करून ठेवलेले होते. पत्नीने ते ओढून बाहेर काढले, वरचे नाव वाचले आणि विचारले, "हे तर अक्कांचे. इथे काय करते आहे?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना. पाकिटावर माझ्या थोरल्या बहिणीचे नाव, वय आणि तारीख छापलेली होती. आत तिच्या छातीचे तीन वेळा काढलेले फोटो होते. आणि ते तिच्या घरी नसून, तीन गल्ल्या पलीकडे माझ्या कपाटात, जवळजवळ तीन वर्षे पडून होते. चोरीचा माल चोर कुठे ठेवतो याची मला फारशी माहिती नाही. पण तो असाच कुठेतरी वह्यांच्या आड ठेवीत असावा.

हकीगत अशी. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तीन वर्षांपूर्वी नवरात्राच्या तोंडावर फळीवरची तांब्याची भांडी काढताना ती स्टुलावरून घसरली आणि बरगडीवर आपटली. श्वास घेताना कळ येई, म्हणून माझा भाचा आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. बरगडी आत फुफ्फुसाला लागली नाही ना, हे पाहण्यासाठी सी.टी. स्कॅन काढला. डॉक्टर तरुण होते, शहाणे होते. आम्हा दोघांना आत बोलावून ते म्हणाले, "बरगडीला चीर आहे, ती आपोआप भरेल. पण उजव्या फुफ्फुसात एक लहानशी गाठ दिसते. सात मिलिमीटरची. बहुधा काही नसेल. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू." मग किंचित थांबून त्यांनी विचारले, "त्यांना आत बोलावू का?"

"नको, नको," भाचा घाईघाईने म्हणाला. "मामा, आईला काही सांगू नका. तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे."

मी तीस वर्षे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकविले. प्रयोगवहीत काटा दाखवील तोच आकडा लिहा, उत्तर बिघडले तरी चालेल, असे शेकडो मुलांना दटावून सांगितले. त्या मी मान डोलावली.

बाहेर अक्का बाकावर पंख्याखाली बसली होती. "काय म्हणाले रे?" तिने विचारले. "बरगडीला चीर आहे," मी म्हणालो. वाक्य शंभर टक्के खरे होते. धर्मराजाचेही खरेच होते. हत्ती खरोखरच मेला होता.

त्या दिवशी मांडीवर ते पाकीट घेऊन बसल्यावर मला प्रथम आठवण झाली ती जगातल्या पहिल्या अशा फोटोची. १८९५ सालच्या डिसेंबरात जर्मनीतल्या वुर्झबुर्ग गावी विल्हेल्म रोंटगेन याने आपल्या पत्नीचा हात एका काचेच्या पट्टीवर ठेवविला आणि त्यावर नव्या किरणांचा झोत सोडला. हे किरण काय आहेत ते त्याला ठाऊक नव्हते, म्हणून बीजगणितातल्या अज्ञात राशीचे अक्षर त्याने त्यांना दिले. आपण मराठीत त्याचेच 'क्ष' केले, आणि मला वाटते फार चांगले केले. त्या पट्टीवर बोटांची हाडे उमटली आणि एका बोटात अधांतरी राहिलेली अंगठी. ते चित्र पाहून आपला मृत्यूच पाहिल्यासारखे तिला वाटले, असे सांगितले जाते. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी रोंटगेनने त्या चित्राच्या प्रती निरनिराळ्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठविल्या, आणि त्याच महिन्यात त्याचा जगभर गाजावाजा झाला. तेव्हा हा प्रश्न आजचा नव्हे. किरणांच्या जन्माबरोबरच तो जन्मला आहे. शोध नवऱ्याचा, कीर्ती विज्ञानाची. पण हात बाईचा होता. मग चित्र कोणाचे?

तेव्हापासून आजवर क्ष-किरण तेच राहिले आहेत. बदलला आहे तो त्यांना पाहणारा डोळा. या डोळ्याची गोष्ट मोठी रम्य आहे, आणि सणाच्या दिवशी सांगण्यासारखी आहे.

रोंटगेनची पट्टी, आणि तिच्यानंतर दवाखान्यांत कित्येक दशके वापरलेली फिल्म, हा एक प्रकारचा गल्ला होता. दुकानदार दिवसभर येतील ती नाणी गल्ल्यात टाकतो आणि रात्री ओतून मोजतो. एकूण किती जमले ते कळते, कोणते नाणे कोणाकडून आले ते कळत नाही. फिल्म किती काळी झाली, एवढेच फिल्म सांगे. पुढे स्कॅनर आले, त्यांतही आत एक दुभाष्या बसविलेला असे. क्ष-किरणाची भाषा विजेच्या मंडलाला समजत नाही, म्हणून तो आधी एका विशिष्ट स्फटिकावर पडे. स्फटिक क्षणभर चमके, आणि त्या चमकेची वीज होऊन ती मोजली जाई. भाषांतराचे भाषांतर म्हटले की मुळातले काहीतरी सांडायचेच. शिवाय एका घराची चमक दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून घराघरांमध्ये भिंती घालाव्या लागत, आणि भिंतींवर पडलेला किरण फुकट जाई.

अर्धवाहक स्फटिकांनी हा दुभाष्या काढून टाकला. सिलिकॉन, जर्मेनियम, कॅडमियम टेल्युराइड ही त्या कुळातली नावे. अशा स्फटिकात क्ष-किरणाचा एक कण शिरला आणि शोषला गेला की तो आपल्या साऱ्या शक्तीचा चुराडा करून विजेच्या बारीक जोड्या उत्पन्न करतो: एक इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे ठेवलेली एक रिकामी जागा. सिलिकॉनमध्ये अशी एक जोडी सुटायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास शक्ती लागते. लोखंडाच्या अणूतून निघणाऱ्या विशिष्ट क्ष-कणाची शक्ती असते ६,४०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे सुमारे साडेसतराशे जोड्या. तेवढ्या जोड्या मोजल्या की समजावे, लोखंड आहे. तांब्याच्या कणाची शक्ती निराळी, पाऱ्याच्या कणाची निराळी. मूलद्रव्याचा अनुक्रमांक आणि त्याच्या किरणांची शक्ती यांचा नेमका हिशेब हेन्री मोझली या तरुणाने १९१३ साली मांडला. दोनच वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. युद्धे अशीही माणसे खातात.

एकूण काय, गल्ल्याची जागा कीर्दीने घेतली. प्रत्येक नाणे आले की त्याची किंमत तत्काळ वहीत चढते. लक्ष्मीपूजनाला आपण जिची पूजा करतो ती वही हीच, फक्त नखाएवढ्या स्फटिकावर लिहिलेली.

अर्थात हे सुखासुखी झाले नाही. माझ्या तरुणपणी एका प्रयोगशाळेत मी लिथियम घातलेल्या सिलिकॉनचा असा एक शोधक पाहिला. उष्णतेने स्फटिकात आपोआपच खोटी वीज खेळू लागते, म्हणून त्याला शून्याखाली १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गार ठेवावे लागे. नायट्रोजनची घागर रिकामी होऊ नये म्हणून सुट्टीच्या दिवशीही कोणाला तरी तिथे यावे लागे. दुभत्या म्हशीसारखा तो प्रकार होता. १९८४ साली एमिलिओ गाट्टी आणि पावेल रेहाक यांनी सिलिकॉनच्या एका नव्या रचनेची माहिती प्रसिद्ध केली. तिच्यात स्फटिकावर कड्यांसारखे विजेचे उतार करून सगळे इलेक्ट्रॉन मधल्या एका टिचभर टोकाकडे वाहत आणतात, पागोळ्यांचे पाणी पन्हळीने हौदात यावे तसे. टोक जितके लहान तितका गोंगाट कमी. त्यामुळे विजेवर चालणारी जुजबी थंडाई पुरू लागली, घागर गेली, आणि हा डोळा खिशात मावेल एवढा झाला.

तो कुठे कुठे गेला पाहा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपले चांद्रयान चंद्राच्या दक्षिण भागात उतरले, तेव्हा प्रज्ञान या गाडीवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने केलेले असेच एक यंत्र होते. तिथल्या मातीवर किरण सोडून, मातीने परत पाठविलेले क्ष-कण मोजून, तिच्यात काय काय आहे ते त्याने सांगितले. त्याआधी, २८ सप्टेंबर २०१५ रोजी, अॅस्ट्रोसॅट हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून वर गेला. त्यावर कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या १६,३८४ ठिपक्यांचा एक डोळा होता. तो करण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा पुढाकार होता आणि पुण्याच्या आयुकाचा हातभार. खेकड्याच्या आकाराच्या तेजोमेघात जो मेलेला तारा भोवऱ्यासारखा सेकंदाला तीस गिरक्या घेतो, त्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण या डोळ्याने मोजले. जोड धातूंच्या मिठाचा हा स्फटिक कशासाठी? सिलिकॉनचे अणू हलके पडतात; जोरकस किरण त्यांच्यातून आरपार निघून जातात. कॅडमियम आणि टेल्युरियम जड आहेत, ते किरणाला अडवून धरतात.

तारा आणि चंद्र यांच्या बाबतीत माझे मन निर्धास्त असते. त्यांचे काय पाहावे आणि काय पाहू नये, हा प्रश्नच नाही. पण तोच डोळा खाली जमिनीवर वळला की मनात थोडी चलबिचल सुरू होते.

आर्किमिडीजच्या काही ग्रंथांची दहाव्या शतकात चामड्यावर केलेली एक प्रत होती. १२२९ साली कोणा धर्मशील लेखकाने ती खरवडून, धुऊन, तिच्यावर प्रार्थना लिहिल्या. त्यांवर पुन्हा विसाव्या शतकात कोणी लबाडाने, पोथीला भाव यावा म्हणून, काही पानांवर सोनेरी चित्रे रंगविली. २००५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत ती पाने क्ष-किरणांच्या झोतापुढे धरली. जुन्या शाईत लोखंड होते. लोखंडाचे कण तेवढे निवडून मोजले, आणि सोन्याखालून, प्रार्थनांखालून, आर्किमिडीजची अक्षरे वर आली. हे वाचले तेव्हा मला अतिशय आनंद झाला. ज्याचे शब्द त्याने स्वतः पुसले नव्हते, दुसऱ्याने पुसले होते, त्याला त्याचे शब्द परत मिळाले. यात कोणाचे काय गेले?

दुसरी गोष्ट इतकी सोपी नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे पॅरिसच्या दिवसांत, १८८७ साली, काढलेले गवताचे एक चित्र आहे. त्या गवताखाली काहीतरी दडले आहे अशी शंका होती. हॉलंडच्या योरिस डिक आणि बेल्जियमच्या कून यानसेन्स या शास्त्रज्ञांनी ते हॅम्बुर्गला नेऊन दोन दिवस ठिपक्याठिपक्याने तपासले, आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. शेंदरी रंगातला पारा आणि पिवळ्या रंगातला अँटिमनी यांचे वेगवेगळे नकाशे काढून ते एकमेकांवर ठेवताच गवतातून एका शेतकरी बाईचा चेहरा वर आला. न्यूएनेन या खेड्यात असे पुष्कळ चेहरे त्याने काढले होते. तो गरीब होता, कापड पुन्हा वापरण्याची त्याला सवय होती. कदाचित त्याला चेहरा लपवायचा नसेल, नुसते कापड वाचवायचे असेल. पण कदाचित चित्र मनासारखे उतरले नाही म्हणूनही त्याने त्यावर गवत उगवविले असेल. तो चेहरा मी पुस्तकात पाहिला तेव्हा मला तो फार आवडला, आणि लगेच थोडे ओशाळल्यासारखेही झाले. दुसऱ्याचे फाडून टाकलेले पत्र जोडून वाचावे आणि ते सुंदर निघावे, तसे काहीसे. कोणी म्हणेल, मेलेल्याला कसली लाज? असेल. मी काही त्या शास्त्रज्ञांना दोष देत नाही. मला वाटले ते सांगितले.

व्हॅन गॉगला विचारण्याची सोय नव्हती. अक्काला होती, ती बाहेर बाकावर बसली होती.

आता माझी बाजू मांडतो, कारण पाकीट सापडल्यानंतर दोन दिवस मी ती स्वतःपुढे मांडीत होतो, आणि ती अगदीच लटकी नाही. अलीकडच्या वर्षांत दवाखान्यांतही कण मोजणारे स्कॅनर येऊ लागले आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने त्यांतल्या पहिल्याला मान्यता दिली. कॅडमियम टेल्युराइडवर आलेला प्रत्येक क्ष-कण ते मोजतात, त्याच्या शक्तीप्रमाणे त्याला वेगळ्या खान्यात टाकतात. त्यामुळे चित्रे अधिक रेखीव होतात, किरण कमी लागतात, आणि पांढरा ठिपका चुनखडीचा की शिरेत टोचलेल्या आयोडिनचा, हेही ओळखता येते. आता यातली मेख अशी: स्फटिकात खऱ्या कणांबरोबर यंत्राची स्वतःची खुडबूडही सतत चाललेली असते. ती सारी मोजली तर चित्र म्हणून नुसता धुरळा दिसेल. म्हणून एक उंबरठा ठरवावा लागतो. वीस-पंचवीस हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचा कोणताही ठोका वहीत चढवायचा नाही, असा दंडक. उंबरठा फार खाली ठेवला तर खोटेही खरे म्हणून आत येते; फार वर ठेवला तर खरेही दाराबाहेर राहते.

तेव्हा मी स्वतःला म्हटले, जो डोळा सगळ्यांत सूक्ष्म, तोसुद्धा सगळे सांगत नाही. मग मी एक सात मिलिमीटरचा ठिपका उंबरठ्याबाहेर ठेवला तर काय बिघडले? आणि आकडेही माझ्या बाजूचे होते. अमेरिकेत ५३,४५४ जणांवर, सारेच वर्षानुवर्षे भरपूर धूम्रपान केलेले, मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०११ साली आला. स्कॅन काढणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. हे थोडे नव्हे. पण स्कॅनमध्ये 'संशय आहे' असे जे निष्कर्ष निघाले, त्यांतले ९६ टक्क्यांहून अधिक पुढे खोटे ठरले. धूम्रपान करणाऱ्यांची ही कथा, तर आयुष्यात विडीचा धूर फक्त नवऱ्याच्या मित्रांकडून मिळालेल्या अक्काची काय कथा? साध्या फोटोत ती गाठ बहुधा दिसलीही नसती. डोळा तीक्ष्ण झाला म्हणून ती दिसली. डोळ्याच्या तीक्ष्णपणाची शिक्षा तिने का भोगावी? सहा महिने रात्रीची झोप का घालवावी?

युक्तिवाद बरा आहे. वर्गात कोणी मांडला असता तर मी त्याला चांगले गुण दिले असते. पण त्यातली चूक मला तिसऱ्या दिवशी, आंघोळ करताना, सापडली. यंत्राचा उंबरठा किरण येण्याआधी ठरतो. कोणता ठोका कोणाचा, हे पाहून तो कोणी वर-खाली करीत नाही. तो लिहिलेला असतो. ज्याला हवे त्याने वाचावे. मी आणि भाच्याने आधी ठिपका पाहिला, तो कोणाचा ते पाहिले, आणि मग उंबरठा उचलून ठिपक्याच्या वर नेऊन ठेवला. प्रयोगशाळेत असे करणाऱ्याला काय म्हणतात ते मी मुलांना दर वर्षी सांगत असे.

आणि दुसरे म्हणजे, आम्ही दोघांनी वाचविली ती अक्काची झोप नव्हती. मी तरी त्या सहा महिन्यांत उत्तम झोपलो. तिच्या तोंडाकडे पाहत, "अक्का, तुझ्या फुफ्फुसात गाठ आहे," हे वाक्य उच्चारण्याचा प्रसंग टळला म्हणून झोपलो.

यावर माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने दिलेले उत्तर मला पटते. त्याला स्वतःला तपासणीची वेळ आली तेव्हा आत जाण्यापूर्वीच त्याने मुलीला सांगितले, "काही निघाले तर तुम्ही पाहून घ्या. मला सांगू नका." तिने सांगितले नाही. त्यात मला काहीही गैर वाटत नाही. न जाणण्याचा हक्कही त्याचाच, कारण फोटो त्याचा होता. त्याने आपला उंबरठा आपण, आपल्या हाताने, किरण येण्याआधी घातला. अक्काला आम्ही तेवढे विचारायला हवे होते. स्कॅनच्या खोलीत जाताना, तिच्या बांगड्या काढून माझ्या हातात देताना, अर्धा मिनिट पुरले असते.

महाभारतात संजयाला दिव्य दृष्टी मिळाली. इतकी दूरची, इतकी सूक्ष्म दृष्टी, आणि ऐकणारा कोण, तर आंधळा बाप, ज्याची मुले रोज मरत होती. संजयाने एकदाही असे म्हटले नाही, की आज महाराजांची प्रकृती बरी नाही, दुःशासनाचे उद्या सांगू. लहानपणी मला तो मोठा निष्ठुर वाटे. हल्ली वाटते, धृतराष्ट्राला त्या साऱ्या राजवाड्यात माणूस म्हणून वागविणारा तो एकटाच होता. त्याला जे दिसत होते ते मुळी धृतराष्ट्राचे होते, आणि त्याने ते त्याचे त्याला दिले. मी मात्र अक्काचा दुभाष्या झालो, आणि तोही असा, की मुळातले निम्मे गिळून बसणारा.

निम्मे गिळले त्याने काय झाले, हे अजून सांगितले नाही. सांगताना जड जाते म्हणून मागे ठेवले.

अक्काची एक बालमैत्रीण मालवणला असे. त्याच वर्षी मार्गशीर्षात तिचा फोन आला: अंथरुणाला खिळले आहे, एकदा येऊन जा. अक्काने पिशवी भरली. आम्ही तिला जाऊ दिले नाही. घाटाचा रस्ता, एस.टी.चे धक्के, बरगडी अजून कच्ची, असे काय काय सांगितले. बरगडी तोवर भरून आली होती. आमच्या मनात होती ती गाठ. तिकडे परगावी काही झाले तर काय, ही धास्ती. अक्का दोन दिवस पिशवीकडे पाहत राहिली आणि मग तिने ती रिकामी केली. माघात मैत्रीण गेली. त्या दिवशी अक्का जेवली नाही.

चैत्रात, हाडे ठिसूळ झाली आहेत का ते पाहायचे असे सांगून, तिचा दुसरा फोटो काढला. गाठ सात मिलिमीटरचीच. पुढे वर्षभराने तिसरा, तीच. जुने काहीतरी होऊन बरे झाल्याचा हा डाग असावा, आता काळजी नको, असे डॉक्टर म्हणाले. मी आणि भाच्याने कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेतला आणि एकमेकांच्या पाठीवर हात ठेवले. अक्काला हेही कळले नाही. जिच्या भीतीची तिला खबर नव्हती, तिच्या सुटकेची खबर तरी कशी द्यायची?

तर चौथ्या दिवशी सकाळी पाकीट काखेत मारून मी अक्काकडे गेलो. भाचा कामावर गेला होता. अक्का ओसरीवर तांदूळ निवडीत होती. मी सगळे सांगितले, पहिल्या दिवसापासून. ती निवडायची थांबली नाही. माझे संपल्यावर म्हणाली, "म्हणजे तुला ठाऊक होते, त्याला ठाऊक होते. सुनेला?"

"हो."

"आणि मालवणला जाऊ दिले नाही, ते यासाठी?"

मी मान खाली घातली.

"गाठ असती तरी मी गेले असते," अक्का म्हणाली. "गाठ नसती तरीही गेले असते. तुम्ही सांगितले नाहीत, म्हणून तेवढी राहिले."

मग तिने सूप बाजूला सारले, हात पदराला पुसले आणि फोटो मागितला. मी पहिली फिल्म काढून दिली. तिने ती खिडकीकडे धरली, उलटी. मी सुलटी करून दिली. तिच्या छातीचे ओळीने मांडलेले काप उन्हात उजळले. मोडलेली बरगडी कुठली, ते तिने विचारले, मी दाखविली. "आणि ते?" मी एका चौकटीतल्या बारीक पांढऱ्या ठिपक्याशी बोट नेले. तीळ सांडावा एवढा. अक्का पुष्कळ वेळ पाहत राहिली. पाकिटातले बाकीचे दोन्ही फोटोही तिने काढून पाहिले, मीच बोट ठेवीपर्यंत न थांबता, आपणच तो ठिपका शोधून.

मग तिन्ही फिल्म नीट पाकिटात घालून ती आत गेली. ट्रंकेचे झाकण उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज मी ऐकला. बाहेर आली ती चहाची भांडी घेऊनच. माझ्यापुढे कप ठेवून तिने विचारले, "मालवणची गाडी अजून सकाळी सहालाच सुटते का रे? तिची मुलगी असते तिथे."